आल्फ्रेड रेडफील्ड

आल्फ्रेड क्लेरेन्स रेडफील्ड (१५ नोव्हेंबर, १८९० - १७ मार्च, १९८३) हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ व समुद्रशास्त्रज्ञ होते. समुद्रातील वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगत राहून प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म सजीवांच्या, शरीरातील कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे सरासरी प्रमाण त्यांच्या नावावरून रेडफील्ड गुणोत्तर म्हणून ओळखले जाते. अणूंच्या संख्येत मांडलेले हे प्रमाण १०६:१६:१ असे आहे.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

रेडफील्ड यांचा जन्म अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाला. घराण्यात निसर्गाभ्यासाची परंपरा होती. त्यांचे पणजोबा विल्यम रेडफील्ड हे वादळांचे अभ्यासक होते, तर आजोबा जॉन रेडफील्ड वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आल्फ्रेड यांनी हार्वर्ड विद्यापीठातून १९१३ मध्ये पदवी व १९१७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. सरड्याच्या त्वचेचा रंग बदलण्यामागे संप्रेरकांचा कोणता वाटा असतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. टोरांटो विद्यापीठात काही काळ अध्यापन केल्यानंतर ते हार्वर्डला परतले आणि १९३१ मध्ये तेथे प्राध्यापक झाले. या काळात त्यांनी क्ष-किरणांचा पेशींवर होणारा परिणाम आणि समुद्री प्राण्यांच्या रक्तातील हीमोसायनिन हे ऑक्सिजनवाहक प्रथिन यांवर संशोधन केले.

समुद्रशास्त्रातील कार्य

मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९३० मध्ये झाली. रेडफील्ड सुरुवातीपासून तिच्याशी संबंधित होते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ या नात्याने रक्ताच्या रासायनिक घटनेकडे पाहण्याची जी सवय त्यांना होती, तीच त्यांनी समुद्राच्या पाण्याला लावली.

खोल समुद्रातील पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेट व फॉस्फेट यांचे प्रमाण ठिकाणानुसार कमीजास्त होत असले, तरी दोहोंचे परस्पर गुणोत्तर जवळपास स्थिर राहते, असे त्यांना आढळले. प्लवकांच्या शरीरातील नायट्रोजन व फॉस्फरस यांचे गुणोत्तरही त्याच्याशी जुळत होते. हे निष्कर्ष त्यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या वेळी नायट्रोजन व फॉस्फरस यांचे प्रमाण सुमारे २०:१ असे मांडले गेले होते. पुढे फॉस्फेट मोजण्याच्या पद्धतीतील, पाण्याच्या खारेपणामुळे येणारी त्रुटी दुरुस्त झाल्यावर ते १६:१ च्या जवळ आले.

हा मेळ कशामुळे, हा खरा प्रश्न होता. तो निव्वळ योगायोग असू शकत होता, किंवा सजीवांनी उपलब्ध पाण्याशी जुळवून घेतलेले असू शकत होते. रेडफील्ड यांनी तिसऱ्या शक्यतेला महत्त्व दिले. फॉस्फरस खडकांच्या झिजेतून मर्यादित प्रमाणात समुद्रात येतो, पण हवेतील नायट्रोजनचा साठा प्रचंड आहे. पाण्यात नायट्रोजन कमी पडला, तर तो हवेतून बांधून घेणारे सूक्ष्मजीव वाढतात आणि तूट हळूहळू भरून निघते. या विचारानुसार समुद्राच्या रासायनिक घटनेवर सजीवांचेच नियंत्रण असते. १९५८ च्या लेखात त्यांनी हा विचार वातावरणातील ऑक्सिजनपर्यंत विस्तारला. १९६३ मध्ये बॉस्टविक केचम व फ्रान्सिस रिचर्ड्स यांच्यासह लिहिलेल्या प्रकरणामुळे १०६:१६:१ हे प्रमाण सर्वत्र रूढ झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वुड्स होल येथे जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या समुद्री जीवांना रोखणाऱ्या रंगांवर संशोधन झाले. त्यात रेडफील्ड यांचा सहभाग होता. १९४२ ते १९५६ या काळात ते संस्थेचे सहसंचालक होते. निवृत्तीनंतर त्यांनी केप कॉड येथील बार्नस्टेबलच्या खाऱ्या दलदलीचा दीर्घ अभ्यास केला. गेल्या सुमारे ४,००० वर्षांत समुद्राची पातळी वाढत असताना ही दलदल कशी घडत गेली, हे त्यांनी १९७२ मध्ये मांडले.

गुणोत्तर स्थिर की बदलते?

पाठ्यपुस्तकांत हे गुणोत्तर अनेकदा अटळ नियमासारखे दिले जाते. स्वतः रेडफील्ड यांना मात्र ती सरासरी असल्याची जाणीव होती. केचम यांच्यासह प्रयोगशाळेत वाढवलेल्या शैवालांवर केलेल्या कामात, पोषकद्रव्य कमी पडल्यास पेशींची घटना बदलते, हे दिसून आले होते.

या बदलामागे पेशीची रचना आहे. प्रथिनांत नायट्रोजन विपुल असतो, तर प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोममध्ये फॉस्फरस भरपूर असतो. त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या पेशींना फॉस्फरस अधिक लागतो. पोषकद्रव्ये तुटपुंजी असताना पेशी कमी फॉस्फरसमध्ये भागवतात आणि कार्बन साठवतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार हे प्रमाण उष्ण व पोषकद्रव्ये कमी असलेल्या समुद्रांत सरासरी १९५:२८:१, तर थंड व पोषकद्रव्ये भरपूर असलेल्या उच्च अक्षांशांच्या समुद्रांत ७८:१३:१ असे आढळले.

या फरकाला व्यावहारिक महत्त्व आहे. फॉस्फरसच्या तेवढ्याच साठ्यावर उष्ण समुद्रातील प्लवक अधिक कार्बन बांधतात. म्हणून समुद्र वातावरणातील किती कार्बन डायऑक्साइड शोषून खोल पाण्यात नेईल, याचे अंदाज एकच गुणोत्तर धरल्यास चुकू शकतात.

तरीही तुलनेचा आधार म्हणून हे गुणोत्तर आजही वापरात आहे. अरबी समुद्रात ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या थरात जीवाणू नायट्रेट वापरून त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. किती नायट्रेट नाहीसे झाले, हे अशा ठरावीक प्रमाणांशी तुलना करून काढता येते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या थराचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे.

सन्मान व निधन

रेडफील्ड १९४६ मध्ये अमेरिकेच्या परिस्थितिकी सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांना अलेक्झांडर अगासिझ पदक मिळाले आणि १९६६ मध्ये परिस्थितिकी सोसायटीने त्यांचा गौरव केला. न्यू इंग्लंड व न्यू यॉर्कच्या किनाऱ्यावरील भरती-ओहोटीवरील त्यांचे पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. १७ मार्च, १९८३ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वुड्स होल येथील एक प्रयोगशाळा, तसेच जलविज्ञानातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने ओळखला जातो.