तुरुंगाच्या अंगणातील धडे

पराभवाने खचलेल्या माणसाला गुरू कोठे भेटेल, याचा काही नियम नाही. मुष्टियुद्धाच्या इतिहासात अजरामर झालेल्या जॅक जॉन्सनला तो भेटला तुरुंगात; आणि भेटला तोही अशा माणसाच्या रूपाने, ज्याने काही तासांपूर्वीच त्याला भर सभागृहात आडवे पाडले होते.

जॉन आर्थर जॉन्सन याचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, गॅल्व्हस्टन या बंदराच्या गावी झाला. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. कायद्याने ते मुक्त झाले होते, पण दारिद्र्यातून सुटका झाली नव्हती. मुलाचे शिक्षण पाच-सहा वर्षांतच थांबले आणि कोवळ्या वयात तो गोदीवर हमाली करू लागला. उंच, सडपातळ आणि विलक्षण चपळ अशा या मुलाने तेथेच मुठी चालविण्याचे पहिले धडे गिरवले. गावात त्याच्या नावाचा बोलबाला झाला. मालगाड्यांतून लपतछपत प्रवास करीत तो दूरदूरच्या शहरांत लढती शोधू लागला.

परंतु अंगच्या गुणांना शिस्तशीर शिक्षणाची जोड नव्हती. १८९९ मध्ये शिकागोत ‘क्लोंडाइक’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुभवी मुष्टियोद्ध्यापुढे पाचव्या फेरीत त्याला माघार घ्यावी लागली. त्या पराभवाची भरपाई त्याने पुढे केली खरी; पण सप्टेंबर १९०० मध्ये गॅल्व्हस्टनवर भयंकर चक्रीवादळ कोसळले. किमान ६,००० माणसे मृत्युमुखी पडली. जॉन्सन कुटुंबाचे घरही त्या प्रलयात गेले.

त्या उद्ध्वस्त गावात २५ फेब्रुवारी १९०१ रोजी त्याची लढत जो चॉयन्स्की याच्याशी झाली. सान फ्रान्सिस्कोचा हा ज्यू मुष्टियोद्धा तेव्हा ३२ वर्षांचा होता. उंची आणि वजन या दोन्हींत तो जॉन्सनहून कमी, परंतु त्या काळच्या नामांकित मल्लांशी झुंजून पक्का झालेला. तिसऱ्या फेरीत त्याचा ठोसा असा बसला, की २२ वर्षांचा जॉन्सन कोसळला आणि उठू शकला नाही. घरच्या मैदानावर, आपल्या माणसांदेखत झालेला हा नॉकआउट होता. बक्षिसासाठी मुष्टियुद्ध खेळण्यास टेक्सासमध्ये कायद्याने बंदी असल्याने विजेता आणि पराभूत दोघांनाही तत्काळ अटक झाली. जामिनाची रक्कम भरणे दोघांच्याही आवाक्याबाहेरचे होते.

सुमारे तीन आठवडे ते एकाच कारागृहात राहिले. तुरुंगाच्या अंगणात रोज दोघांचा सराव चाले. इतर कैदी आणि पहारेकरी प्रेक्षक होत. चॉयन्स्कीने या तरुणाची उणीव अचूक हेरली होती. ज्याच्या पायांत एवढी चपळाई आहे, त्याने ठोसे अंगावर घ्यावेतच कशाला? वार कसा चुकवावा, हवेतच कसा अडवावा, प्रतिस्पर्ध्याला कसे दमवावे आणि योग्य क्षणाची वाट कशी पाहावी, हे त्याने जॉन्सनला शिकविले. गोऱ्याने काळ्या माणसाशी बरोबरीने वागणे समाजाला मान्य नसलेल्या त्या काळात ही विद्या हातचे काही न राखता दिली गेली, हे विशेष. पुढे आरोप निश्चित न होता दोघांचीही सुटका झाली.

बाहेर पडलेला जॉन्सन निराळा होता. बचाव हेच त्याचे सर्वांत धारदार शस्त्र बनले. १९०३ मध्ये त्याने कृष्णवर्णीयांचे जागतिक हेवीवेट अजिंक्यपद जिंकले. खरे जगज्जेतेपद मात्र वर्णभेदाच्या भिंतीपलीकडे होते. तत्कालीन विजेता जेम्स जेफ्रीज काळ्या आव्हानवीराशी लढण्यास तयार नव्हता. १९०५ मध्ये तो अपराजित राहूनच निवृत्त झाला. जॉन्सनने धीर सोडला नाही. नंतरचा विजेता टॉमी बर्न्स याचा पाठलाग करीत तो इंग्लंडला आणि तेथून ऑस्ट्रेलियाला गेला. अखेर २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत चौदाव्या फेरीत पोलिसांना लढत थांबवावी लागली आणि जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता ठरला.

गोऱ्या समाजाच्या आग्रहावरून जेफ्रीज निवृत्ती मोडून परतला. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत नमविले. दैवगती अशी, की त्या वेळी जेफ्रीजच्या गोटात त्याची तयारी करून घेणाऱ्यांत चॉयन्स्कीही होता! आपण दिलेली विद्या किती पक्की रुजली, हे त्याला विरुद्ध बाजूने पाहावे लागले. या निकालानंतर अमेरिकेत अनेक ठिकाणी दंगली उसळल्या आणि त्यांत माणसांचे बळी गेले.

पुढचे आयुष्य सुखाचे नव्हते. जॉन्सनचे खासगी जीवन निष्कलंक नव्हते, उधळेपणाही होता. तथापि १९१३ मध्ये त्याला ज्या खटल्यात शिक्षा झाली, तो वर्णद्वेषातून उभा राहिला होता. तो देश सोडून गेला. १९१५ मध्ये हवाना येथे सव्विसाव्या फेरीत जेस विलार्डकडून पराभूत होऊन त्याने अजिंक्यपद गमावले. १९२० मध्ये परतून त्याने शिक्षा भोगली. यंत्रकामाच्या एका सुधारित पान्याचे पेटंटही त्याला १९२२ मध्ये मिळाले. १० जून १९४६ रोजी मोटार अपघातात त्याचा अंत झाला. त्या शिक्षेबद्दल अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला माफी दिली, ती २०१८ मध्ये. मृत्यूनंतर तब्बल ७२ वर्षांनी.

जगज्जेत्याचा पट्टा सातव्या वर्षी हातचा गेला; मानसन्मान आला आणि ओसरला. गॅल्व्हस्टनच्या त्या अंगणात मिळालेले शिक्षण तेवढे अखेरपर्यंत टिकले. दोन पराभवांनी जॉन्सनला त्याची उणीव दाखविली; ती मान्य करण्याइतकी नम्रता त्याच्यापाशी होती, आणि ती दूर करण्याइतके औदार्य त्याला हरविणाऱ्यापाशी होते. विद्यार्थी आणि गुरू यांच्यात याहून अधिक काही असावे लागत नाही. मग शाळेच्या भिंती कोणत्याही असोत.