डॉ. रॉबर्ट ब्रूम : दगडातून माणसाचे पूर्वज शोधणारा डॉक्टर

खडकांचे प्रकार मुलं पाठ करतात आणि विसरतात. पण एखाद्या खडकामागचा माणूस भेटला की तो धडा लक्षात राहतो. ब्रेशिया या खडकामागचा असाच एक माणूस म्हणजे डॉ. रॉबर्ट ब्रूम.

ब्रूम यांचा जन्म १८६६ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी झाला. शिक्षणाने ते डॉक्टर. १८९७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे रुग्ण तपासता तपासता जीवाश्मांचा अभ्यास करू लागले.

१९२४ मध्ये टाउंग इथल्या खाणीतून एका बालकाची कवटी मिळाली. रेमंड डार्ट यांनी ती माणसाच्या पूर्वजाची असल्याचं सांगितलं. पण बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटेना. त्यांच्या मते ते वानराचं पिल्लूच! ब्रूम मात्र डार्ट यांच्या बाजूने उभे राहिले. वाद मिटवायचा तर पूर्ण वाढ झालेल्या जीवाची कवटी हवी होती.

१९३६ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, ते जोहान्सबर्गजवळच्या स्टर्कफोंटेन गुहांमध्ये पोहोचले. तिथे चुन्यासाठी सुरुंग लावले जात. आत होता ब्रेशिया. तो कसा बनतो? गुहेच्या छताला भोक पडतं. त्यातून दगडांचे तुकडे, माती आणि हाडं आत पडतात. वरून झिरपणाऱ्या पाण्यातला चुना या सगळ्याला सांधतो आणि हजारो वर्षांत ढीग काँक्रीटसारखा घट्ट होतो. तुकडे नदीतून वाहत आलेले नसतात, म्हणून त्यांची टोकं झिजत नाहीत. वर्गात शेंगदाण्याची चिक्की दाखवा: दाण्याचे तुकडे म्हणजे दगड, गुळाचा पाक म्हणजे चुना.

खाणवाल्यांना यातला चुना हवा होता, हाडं नव्हे. रोजच्या सुरुंगात पुरावा उडून जाण्याची भीती होती. त्याच ऑगस्टमध्ये खाणीच्या व्यवस्थापकाने ब्रूम यांच्या हातावर सुरुंगातून निघालेला मेंदूच्या आकाराचा दगड ठेवला. पाठोपाठ प्रौढ कवटीचे भागही मिळाले.

१९३८ मध्ये जवळच्या क्रोमड्राई इथला एक जबडा त्यांच्याकडे आला. तो गर्ट टेरब्लांश या शाळकरी मुलाला सापडला होता. ब्रूम थेट त्याच्या शाळेत गेले. मुलाच्या खिशातून चार दात निघाले! शाळा सुटेपर्यंत ब्रूम यांनी मुलांना आणि शिक्षकांना गुहा आणि हाडांविषयी सांगितलं. मग गर्टने त्यांना जागा दाखवली.

१९४७ मध्ये ब्रूम आणि जॉन रॉबिन्सन यांना स्टर्कफोंटेनच्या ब्रेशियात जवळजवळ अखंड प्रौढ कवटी मिळाली. ती 'मिसेस प्लेस' म्हणून ओळखली जाते आणि २० लाख वर्षांहून जुनी आहे. ब्रूम स्वतःही सुरुंग वापरत. त्यामुळे थरांची माहिती नष्ट होते, ही टीका रास्तच होती. पण डार्ट यांचं म्हणणं आता खोडता येईना.

१९५१ मध्ये ब्रूम गेले. अखेरपर्यंत त्यांचं लेखन चालू होतं.

शिक्षक मित्रांनो, पालकहो, मुलांच्या खिशातले दगड फेकून देण्याआधी एकदा विचारा, कुठे मिळाला?