सहा तारांची नवी जुळणी



जुन्या हिंदी चित्रपटगीतांत तारेवरून घसरत जाणारा एक आर्त सूर आपण ऐकला असेल. तो हवाईयन गिटारचा. हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून एका हाताने तारा छेडतात व दुसऱ्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांत ही पद्धत जन्मास आली. आपल्या देशात ती रुजवण्यास १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिलेल्या ताऊ मो कुटुंबाने हातभार लावला. याच वाद्याच्या एका थोर साधकाची जीवनकथा आज आपणांपुढे ठेवीत आहे.

सॉल होओपी यांचा जन्म १९०२ साली होनोलुलू येथे एका मोठ्या कुटुंबात झाला. १९१९ साली हा मुलगा दोन मित्रांसह मॅटसोनिया नावाच्या आगबोटीत लपून अमेरिकेस निघाला. चोरी उघडकीस आली, तेव्हा त्यांच्या वादनाने प्रसन्न झालेल्या उतारूंनीच त्यांचे भाडे भरले, असे सांगतात. पुढे लॉस एंजल्स येथे त्यांच्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका गाजल्या, हॉलिवूडच्या बोलपटांतूनही त्यांची गिटार ऐकू येऊ लागली.

अशा यशस्वी वादकाने जुन्या पद्धतीतच राहावे, हे स्वाभाविक ठरले असते. हवाईची रूढ स्वरजुळणी ए मेजर होती. वरून खाली ई, सी शार्प, ए, ई, ए, ई अशा तारा लावीत. कांडी सरळ धरली की एकच प्रसन्न स्वरसंघात उमटे. करुण मायनर संघात हवा असेल, तर कांडी तिरपी करण्याची कसरत करावी लागे. होओपी त्या कसरतीत निष्णात होते. तरीही त्यांनी आपली जुळणी बदलली.

नवी जुळणी अशी: ई, सी शार्प, जी शार्प, ई, डी, बी. आपण नीट पाहाल, तर पहिली, दुसरी व चौथी या तीन तारा जुन्याच स्वरावर राहिल्या. तिसरी केवळ अर्ध्या स्वराने उतरली. पाचवी व सहावी मात्र बऱ्याच वर चढल्या. आता वरच्या चार तारांत सी शार्प मायनर, तर खालच्या चार तारांत ई सेव्हन्थ असे दोन संघात एकाच वाद्यावर नांदू लागले. मधल्या दोन तारा दोहोंच्या समाईक होत्या. परंतु याची किंमतही होती. वर्षानुवर्षे हातात बसलेल्या जागा चुकू लागतात, परिचित गीत अनोळखी होते, आणि नामवंत वादकालाही पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते.

१९३८ साली याहून मोठा बदल घडला. कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांनी आपले जीवन ख्रिस्ताला समर्पित केले, रंजनाचा व्यवसाय सोडला आणि एमी सेंपल मॅक्फर्सन या सुवार्तिकेच्या सभांतून ते वाजवू लागले. चित्रपट गेले, नृत्यगृहे गेली. गिटार मात्र राहिली. ज्या बोटांनी श्रोत्यांना डोलविले, तीच बोटे आता उपासनेची गीते छेडू लागली. १९५३ च्या नोव्हेंबरात सिएटल येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

पुढे स्टील गिटारला पायांनी दाबायचे पेडल लाभले. आजही तिच्या ई नाइन्थ जुळणीत एका पेडलने बी ची तार सी शार्पवर चढते आणि ई मेजरचा संघात क्षणात सी शार्प मायनर होतो. होओपींनी एका वाद्यावर एकत्र आणलेले स्वर तेथे पावलाखाली एकमेकांस भेटतात.

प्रिय वाचका, मनुष्य प्रभूकडे वळतो, तेव्हा आपल्या जुन्या जीवनातील सारेच टाकून द्यावे की काय, असा प्रश्न त्याला पडतो. होओपींची गिटार येथे मार्ग दाखवते. काही तारा जागच्या जागी राहतात, एखादी किंचित उतरवावी लागते, तर काहींना चांगलाच ताण सोसावा लागतो. आपल्या कोणत्या तारेला आज हात लावण्याची गरज आहे, हे आपण शांतपणे तपासून पाहाल काय?