लुईस मुन्योझ मारिन : शेतमजुरांचा गव्हर्नर

कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको हे बेट १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला सान हुआन येथे लुईस मुन्योझ मारिन यांचा जन्म झाला. वडील नामवंत पुढारी. मुलाचे मन मात्र तरुणपणी कविता आणि पत्रकारितेत रमले.

उसाच्या मळ्यांवर तेव्हा मोठ्या कंपन्यांचे राज्य होते. कंपनीने पाचशे एकरांहून अधिक जमीन बाळगू नये, हा कायदा कागदावरच होता. मजूर मालकाच्या जागेत झोपडी बांधून राहत आणि दोन डॉलर घेऊन मत देत. १९३८ साली मुन्योझ यांनी पक्ष काढला, शेतकऱ्याची गवती टोपी हे चिन्ह घेतले आणि खेडोपाडी एकच गोष्ट सांगितली : मत विकू नका. १९४० साली लोकांनी त्यांना कौल दिला. १९४१ च्या जमीन कायद्याने भूमिहीन कुटुंबांना घरापुरती जागा मिळू लागली. पुढे कारखाने आले. तोवर गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जाई. १९४८ साली मुन्योझ हे जनतेने निवडलेले पहिले गव्हर्नर ठरले आणि १९५२ साली बेटाला स्वतःची राज्यघटना मिळाली.

त्यांच्या कारकिर्दीला काळी बाजूही आहे. १९४८ च्या एका कायद्याने स्वातंत्र्यवाद्यांची मुस्कटदाबी झाली. तो १९५७ साली रद्द झाला. कारखाने येऊनही पोटासाठी लाखो लोकांना बेट सोडावे लागले.

१९६० सालचा प्रसंग आपल्याला विचार करायला लावणारा आहे. शाळकरी मुलांचे धर्मशिक्षण आणि संततिनियमन या प्रश्नांवर महागुरुस्वामींचे सरकारशी मतभेद झाले. त्यांनी मेषपालीय पत्र काढून मुन्योझ यांच्या पक्षाला मत देण्यास भाविकांना मनाई केली. बहुसंख्य मतदार कॅथलिक असूनही मुन्योझ मोठ्या मताधिक्याने निवडून आले. मिस्सा चुकवायची नाही आणि मत मात्र आपल्या विवेकाने द्यायचे, असा मार्ग अनेकांनी काढला. त्या दिवसांत घराघरांत किती मने दुखावली असतील, याची आपण कल्पना करू शकतो.

१९६४ साली पक्षाच्या अधिवेशनात लोक आणखी चार वर्षांसाठी आग्रह धरत होते. मुन्योझ यांनी नकार दिला. एका माणसावर विसंबून लोकशाही टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ३० एप्रिल १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

सत्ता मिळवणारे आपण पुष्कळ पाहतो. वेळीच खुर्ची सोडणारे थोडेच. आणि मताचे मोल? ते दोन डॉलरांहून अधिक आहे, हे त्या बेटावरच्या गरीब मजुरांना कळले. आपल्यालाही ते कळायला हवे.