मर्ढेकर, यंत्र आणि कोयता

१९०९ साली खानदेशात फैजपूरला जन्मलेले बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत अधिकारी होते. १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये त्यांनी यंत्रयुगात सडणारा, विद्रूप झालेला माणूस मांडला. पांढरपेशा समाज हादरला. अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले. १९५६ साली त्यांचे निधन झाले.

वकील म्हणून त्या निकालाचे मोल आम्ही जाणतो. यंत्राची त्यांची धास्ती मात्र आम्ही जशीच्या तशी स्वीकारत नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली यंत्राला माणसाला फुरसत देणारे साधन मानले. आज कपिलधारच्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड मजुरांपुढे हार्वेस्टर उभे आहे. कोयता सुटलाच पाहिजे, पण भाकर सुटता कामा नये. यंत्र कोणाच्या मालकीचे, हाच खरा प्रश्न आहे.