विश्लेषण : आर्सेनलच्या सर्वोत्तम मॅनेजरांच्या क्रमवारीत हर्बर्ट चॅपमन यांचे नाव आजही अग्रस्थानी का?

आर्सेनलच्या आजवरच्या सर्वोत्तम मॅनेजरांची क्रमवारी लावायची, तर चषकांच्या संख्येत आर्सेन वेंगर यांना तोड नाही. तरीही या चर्चेत त्यांच्या बरोबरीने, अनेकदा त्यांच्याही आधी, १९३४ मध्ये निधन झालेल्या हर्बर्ट चॅपमन यांचे नाव घेतले जाते. चॅपमन यांनी आर्सेनलला दोन लीग जेतेपदे आणि एक एफए चषक मिळवून दिला. एवढ्याशा भांडवलावर हा मान कसा मिळाला?

आकडे कोणाच्या बाजूने?

वेंगर यांनी १९९६ ते २०१८ या २२ वर्षांत तीन लीग जेतेपदे आणि सात एफए चषक जिंकले. २००३-०४ च्या हंगामात तर त्यांचा संघ लीगमध्ये एकही सामना हरला नाही. जॉर्ज ग्रॅहम यांच्या खात्यावर १९८९ आणि १९९१ ची लीग जेतेपदे, शिवाय एक युरोपीय चषक आहे. बर्टी मी यांनी १९७१ मध्ये लीग आणि एफए चषक एकाच हंगामात जिंकले. जॉर्ज ॲलिसन आणि टॉम व्हिटेकर यांच्याकडेही प्रत्येकी किमान दोन लीग जेतेपदे आणि एक एफए चषक आहे. केवळ चषक मोजले तर चॅपमन यांचा पहिला क्रमांक लागत नाही. पण या सगळ्यांनी ज्या क्लबची सूत्रे हाती घेतली, तो नावाजलेला होता. चॅपमन आले तेव्हा आर्सेनलकडे एकही मोठा चषक नव्हता.

चॅपमन कोण होते?

हर्बर्ट चॅपमन यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी यॉर्कशायरमधील कीव्हटन पार्क या खाणगावात झाला. वडील कोळसा खाणीत कामाला होते. हर्बर्ट यांनी खाणकाम अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. खेळाडू म्हणून ते सामान्यच. अनेक क्लब बदलले, पण कुठेही फारशी छाप पडली नाही. १९०७ मध्ये नॉर्दम्प्टन टाऊनने त्यांना खेळाडू आणि मॅनेजर अशी दुहेरी जबाबदारी दिली आणि दोन वर्षांत त्या संघाने सदर्न लीग जिंकली. १९१२ मध्ये ते लीड्स सिटीत गेले. दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी रेंगाळणारा हा संघ दोन हंगामांत चौथ्या स्थानी पोहोचला.

कारकीर्द संपण्याची वेळ का आली?

पहिल्या महायुद्धात चॅपमन लीड्सजवळच्या बार्नबो येथील दारूगोळा कारखान्यात व्यवस्थापक होते. युद्धकाळात लीड्स सिटीने पाहुण्या खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचा आरोप झाला. क्लबने हिशेबाच्या वह्या चौकशी समितीकडे देण्यास नकार दिला. परिणामी १९१९ मध्ये क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली, खेळाडूंचा लिलाव झाला आणि चॅपमन यांच्यासह पदाधिकाऱ्यांवर बंदी आली. वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांच्यासाठी फुटबॉलचे दार बंद झाले होते. १९२१ मध्ये हडर्सफील्ड टाऊनच्या पाठबळाने त्यांनी अपील केले. आरोप ज्या काळातील आहेत तेव्हा आपण कारखान्यात काम करत होतो, हा त्यांचा मुद्दा मान्य झाला आणि बंदी उठली.

हडर्सफील्डने या विश्वासाची भरपाई व्याजासह वसूल केली. १९२२ मध्ये एफए चषक, १९२३-२४ आणि १९२४-२५ मध्ये लीग जेतेपद. पुढच्याच हंगामात हडर्सफील्ड सलग तीनदा लीग जिंकणारा पहिला इंग्लिश क्लब ठरला, पण तोवर चॅपमन लंडनला गेले होते.

आर्सेनलमध्ये काय वाढून ठेवले होते?

१९२४-२५ मध्ये आर्सेनल २२ संघांत विसावा होता. अध्यक्ष हेन्री नॉरिस यांनी मॅनेजरपदासाठी दिलेल्या जाहिरातीत, खेळाडूंवर भरमसाट पैसा खर्च करणाऱ्यांनी अर्ज करू नये, असे बजावले होते. चॅपमन मात्र आले ते खर्च करण्याच्या तयारीनेच. संडरलँडच्या चार्ली बकन यांना दोन हजार पौंड आणि पहिल्या हंगामात प्रत्येक गोलमागे शंभर पौंड या अटीवर त्यांनी घेतले.

त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी आक्रमक आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्धी संघाचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते, आता दोन पुरेसे होते. अव्वल श्रेणीतील गोलांची संख्या एका हंगामात ११९२ वरून १७०३ वर गेली. बचाव कसा करायचा, हे कोणालाच उमगत नव्हते. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असे धुतले.

‘डब्ल्यूएम’ रचना म्हणजे काय?

त्या पराभवानंतर बकन यांच्या आग्रहावरून चॅपमन यांनी संघाची मांडणी बदलली. तेव्हा दोन बचावपटू, मधल्या फळीत तीन आणि आक्रमणात पाच अशी पद्धत रूढ होती. चॅपमन यांनी मधल्या फळीतील मधला खेळाडू मागे खेचून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला. प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य आक्रमकाला रोखणे, एवढेच त्याचे काम. मधे पडलेली पोकळी भरण्यासाठी पाचपैकी दोन आक्रमक थोडे मागे आले. वरून पाहिल्यास ही रचना इंग्रजीतील ‘डब्ल्यू’ आणि ‘एम’ या अक्षरांसारखी दिसते, म्हणून हे नाव. पुढच्याच सामन्यात आर्सेनलने वेस्ट हॅमला ४-० असे हरवले आणि तो हंगाम दुसऱ्या स्थानी संपवला.

अशी कल्पना इतर क्लबांतही पुढे येत होती. चॅपमन यांचे वेगळेपण असे, की त्यांनी रचनेतील प्रत्येक जागेसाठी योग्य माणूस शोधला. बचावाच्या मध्यभागी हर्बी रॉबर्ट्स, डावीकडे एडी हॅपगुड, चेंडू पुरवायला ॲलेक्स जेम्स, बगलेवर एक्झिटरहून आणलेला १७ वर्षांचा क्लिफ बॅस्टिन. १९२८ मध्ये बोल्टनच्या डेव्हिड जॅक यांच्यासाठी मोजलेले १०,८९० पौंड ही तेव्हाची विक्रमी रक्कम होती. पहिला चषक हाती यायला तरीही पाच वर्षे लागली. १९३० च्या एफए चषक अंतिम सामन्यात आर्सेनलने हडर्सफील्डलाच २-० असे नमवले. १९३०-३१ मध्ये १२७ गोल आणि ६६ गुणांसह आर्सेनल लीग जिंकणारा दक्षिण इंग्लंडमधील पहिला क्लब ठरला. १९३२-३३ मध्ये दुसरे जेतेपद आले. त्या हंगामात बॅस्टिनने बगलेवरून खेळून लीगमध्ये ३३ गोल केले.

मैदानाबाहेर काय बदलले?

त्या काळी बहुतेक क्लबांत संघनिवड संचालक करत आणि मॅनेजर कारकुनी सांभाळे. चॅपमन यांनी संघनिवड, खरेदी, सराव आणि डावपेच असे सगळे अधिकार स्वतःकडे घेतले. खेळाडूंसोबत डावपेचांच्या नियमित बैठका सुरू केल्या. दुखापतींवरील उपचारांची धुरा टॉम व्हिटेकर यांच्याकडे दिली. १९२८ मध्ये जर्सीवर क्रमांक वापरून पाहिले. लीगने ते १९३९ मध्ये सक्तीचे केले. हायबरी मैदानावर प्रकाशझोत बसवले, पण अधिकृत सामन्यांत ते वापरण्यास फुटबॉल संघटनेची परवानगी मिळाली नाही. इंग्लंडमध्ये असे सामने रूढ झाले ते १९५० च्या दशकात. १९३२ मध्ये मैदानाजवळच्या गिलेस्पी रोड स्थानकाचे नाव ‘आर्सेनल’ झाले, तेही त्यांच्याच पाठपुराव्यामुळे. लाल जर्सीच्या पांढऱ्या बाह्या १९३३ पासूनच्या.

आक्षेप कोणते?

चॅपमन यांचे आर्सेनल सर्वांना प्रिय नव्हते. बचाव भक्कम ठेवून झटकन प्रतिहल्ला करण्याची शैली टीकाकारांना कंटाळवाणी वाटे. ‘नशीबवान आर्सेनल’ ही हेटाळणी तेव्हाचीच. पैशाच्या जोरावर यश मिळवल्याचा आरोपही होताच. जानेवारी १९३३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतील वॉल्सॉलने एफए चषकात आर्सेनलला २-० असे हरवले, तेव्हा देशभर आनंद व्यक्त झाला. पुढे अनेक संघांनी ‘डब्ल्यूएम’ची नक्कल केली, पण जेम्ससारखा खेळाडू नसल्याने त्यांच्या हाती उरला तो निव्वळ बचाव. त्याचा दोष काही जण चॅपमन यांनाच देतात.

अखेर कशी झाली?

१९३४ च्या पहिल्या आठवड्यात चॅपमन सर्दीने बेजार होते. तरीही खेळाडू पारखायला आणि पुढचा प्रतिस्पर्धी पाहायला ते उत्तरेला जाऊन आले. परतल्यावर विश्रांतीचा सल्ला न जुमानता आर्सेनलच्या तिसऱ्या संघाचा सामना पाहायला गिल्फर्डला गेले. न्यूमोनियाने त्यांना गाठले आणि ६ जानेवारीच्या पहाटे, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्सेनल तेव्हा लीगमध्ये अव्वल होते. त्याच दिवशी संघ शेफील्ड वेन्सडेविरुद्ध खेळला आणि सामना बरोबरीत सुटला. ते जेतेपद आर्सेनलने राखले, पुढच्या हंगामातही जिंकले. हडर्सफील्डप्रमाणेच इथेही सलग तीन जेतेपदांची मालिका चॅपमन यांनी सुरू केली आणि इतरांनी पूर्ण केली.

मग पहिला क्रमांक कोणाचा?

चषक, सातत्य आणि दीर्घ कारकीर्द हे निकष धरले, तर वेंगर. शून्यातून काय उभे केले आणि ते किती टिकले, हा निकष धरला तर चॅपमन. ॲलिसन त्यांच्या काळातील संचालक, तर व्हिटेकर त्यांनी घडवलेला सहकारी. म्हणजे १९५३ पर्यंतच्या सातही लीग जेतेपदांची मुळे त्यांच्या साडेआठ वर्षांत सापडतात. मॅनेजरच्या कर्तृत्वावरून क्लबची ओळख ठरावी, ही पद्धत इंग्लंडमध्ये रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. अशी क्रमवारी लावावीशी वाटणे, हाही त्याचाच परिणाम. एमिरेट्स स्टेडियमबाहेर २०११ मध्ये उभारलेला चॅपमन यांचा पुतळा याच ऋणाची नोंद आहे.