स्निग्धद्रव्यांचा शोधक : शेव्रोल

विद्यार्थी मित्रहो, प्रवेशपरीक्षेसाठी मेद, मेदाम्ले, ग्लिसरीन, कोलेस्टेरॉल ही नावे तुम्ही घोकता. त्यांचा उलगडा ज्यांच्या श्रमांमुळे झाला, ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रोल मात्र आपणांस अपरिचितच राहतात.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी आंजे या नगरी झाला. वडील शस्त्रवैद्य होते. १८०३ साली शेव्रोल पॅरिसला आले आणि विख्यात रसायनज्ञ व्होकलँ यांचे शिष्य झाले. १८११ च्या सुमारास डुकराच्या चरबीचा एक साबण त्यांनी तपासावयास घेतला. चरबी आणि क्षार यांचा केवळ संयोग म्हणजे साबण, असा तेव्हा समज होता. शेव्रोल यांनी साबणावर आम्लाची प्रक्रिया केली, तो मूळ चरबीहून निराळाच, आम्लगुणी पदार्थ हाती आला. क्षारामुळे चरबीचे मेदाम्ले व ग्लिसरीन असे विघटन होते, हे त्यावरून त्यांनी सिद्ध केले. शुद्धतेची कसोटी म्हणून ते पदार्थाचा द्रवणबिंदू स्थिर होईपर्यंत त्याचे पुनःपुन्हा स्फटिकीकरण करीत. पित्ताशयातील खड्यांतील स्निग्ध पदार्थाचा मात्र साबण होईना. तो वेगळ्याच जातीचा आहे हे ओळखून त्यांनी त्यास कोलेस्टेरीन हे नाव दिले. १८२३ साली त्यांचा प्राणिज स्निग्धद्रव्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आज आपण जाणतो, की मेद हा शरीराचा ऊर्जासंचय असून त्याच्या एका ग्रॅमपासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. फॉस्फोलिपिडांनी पेशीचे आवरण घडते. कोलेस्टेरॉलपासून अनेक संप्रेरके बनतात. या ज्ञानमंदिराचा पाया शेव्रोल यांनी घातला.

यश त्यांना सर्वत्र लाभले असे नाही. चरबीच्या मेणबत्त्या धुरकट व दुर्गंधीयुक्त असत. १८२५ मध्ये गे-ल्युसॅक यांच्यासह मेदाम्लांच्या मेणबत्तीचा हक्क त्यांनी नोंदविला. परंतु धंदा फसला आणि पुढे इतरांनी तो भरभराटीस आणला. शेव्रोल खचले नाहीत. १८२४ पासून गोबलँ येथील प्रसिद्ध कारखान्यात रंगकामाचे प्रमुख असलेल्या त्यांनी रंगांच्या परस्परपरिणामाचाही मूलगामी अभ्यास केला.

शंभरी गाठली तरी ते स्वतःस विद्यार्थीच म्हणवीत. ९ एप्रिल १८८९ रोजी, १०२ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे.

मित्रहो, परीक्षा एका दिवसात संपते. परंतु साध्या साबणाच्या वडीकडेही जिज्ञासेने पाहणारी दृष्टी आयुष्यभर पुरते. शेव्रोल यांच्याकडून घ्यावयाचे ते हेच.